अनुदान मंजूर, खातं कोरडं: शेतीचे सरकारी पैसे कुठे अडतात आणि कसे सोडवायचे

यादी लागली, शेजाऱ्याला मेसेज आला, आपल्या खात्यात मात्र काहीच नाही. मग तहसीलला चक्कर. तिथून बँकेत, बँकेतून सेतूवर, आणि सेतूवाला म्हणतो तलाठ्याकडे जा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी ही फेरी चाललेली दिसते.

यातला बराच त्रास वाचवता येतो. पैसे कुणी अडवलेत हे विचारत बसण्यापेक्षा ते कुठल्या टप्प्यावर थांबलेत ते आधी बघायचं. असे टप्पे चारच आहेत: जमिनीची नोंद, पिकाची नोंद, तुमची ओळख आणि बँकेची जोडणी. सरकारी क्रम जमिनीपासून सुरू होतो, पण तपासणी मी नेहमी उलट्या टोकाने करायला सांगतो. बँकेची जोडणी घरी बसून पाच मिनिटांत कळते. सात-बाराची दुरुस्ती मात्र महिने खाते.

आधी ठरवा, हे पैसे कसले?

गावात सगळ्यालाच 'अनुदान' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक पैशाचं दार वेगळं आहे.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये केंद्राचे. २,००० चे तीन हप्ते, एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च या कालावधींचे. नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच पैसे राज्याचे. ती योजना २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीहून सुटला. अतिवृष्टी, गारपीट, पूर यांची मदत महसूल खात्याकडून, म्हणजे तहसीलमधून येते. पीक विम्याची भरपाई विमा कंपनी देते, तिच्याशी तहसीलदाराचा संबंध नाही. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं यांचं अनुदान महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून कृषी विभाग देतो. याशिवाय मधूनच एखादं एकवेळचं अर्थसाहाय्य येतं. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, असं ते मिळालं होतं.

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पुढच्या कार्यालयात आपोआप जात नाही. तेव्हा अर्जावर योजनेचं नाव, हंगाम आणि वर्ष पहिल्याच ओळीत लिहा.

बँक: आधार 'लिंक' आहे, पण पैसे येत नाहीत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी (ओळखीची पडताळणी) झाली, बँकवाले म्हणाले 'लिंक आहे'. ते खोटं नसतं. पण डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा बहुतेक वेळा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. कुठल्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे याची एक यादी एनपीसीआय ही संस्था ठेवते. तिला मॅपर म्हणतात आणि तिच्यात एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं. शेवटी ज्या बँकेने तुमचं आधार तिथे चढवलं, तिकडे पैसा जातो. म्हणजे तुम्ही जिल्हा बँकेत पासबुकात एंट्री मारत बसता आणि पैसे कधीतरी उघडलेल्या, विसरून गेलेल्या खात्यात पडून असतात. पोस्टाच्या पेमेंट बँकेत, शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या शून्य शिलकीच्या खात्यात किंवा सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट खात्यात असे पैसे हमखास सापडतात.

तपासायचे दोन मार्ग आहेत. आधारच्या 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलात की 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. तिथे बँकेचं नाव येतं आणि जोडणी चालू आहे की बंद तेही कळतं. स्मार्टफोन नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करा. दोन्हीकडे खाते क्रमांक दिसत नाही, फक्त बँक दिसते. एकाच बँकेत दोन खाती असतील तर कुठलं जोडलंय ते बँकेलाच विचारावं लागतं.

बँक चुकीची निघाली, किंवा जोडणी बंद दिसली, तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन 'आधार सीडिंग आणि डीबीटी संमती' असा फॉर्म भरा. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर ते केवायसी करून देतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच. 'एनपीसीआय मॅपिंग करा, डीबीटीसाठी' हे शब्द वापरा. आधी दुसरी बँक जोडलेली असेल तर फॉर्मवर तिचं नाव लिहायची जागा असते, ती कोरी सोडू नका. फॉर्मची पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा माय आधारवर बघा. तिथे नाव बदललेलं दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

खातं जनधनचं किंवा बरेच दिवस व्यवहार नसलेलं असेल तर तेही तपासा. गोठलेल्या खात्यात आलेला पैसा परत जातो. खातं सुरू झालं म्हणून तो लगेच फिरून येतो असंही नाही, तो पुन्हा पाठवावा लागतो.

आणि तो सगळ्यांच्या परिचयाचा 'होल्ड'. पीककर्ज थकलंय म्हणून बँक अतिवृष्टीच्या मदतीला हात लावते किंवा काढूच देत नाही. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या शासन निर्णयांत या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. त्याची प्रत काढा, ती ओळ अधोरेखित करा, लेखी अर्जाला जोडा आणि शाखा व्यवस्थापकाच्या सहीशिक्क्याची पोच मागा. काउंटरवरच्या बाचाबाचीपेक्षा पोच मागितल्याने काम लवकर हलतं.

पीएम किसान आणि नमो: तीन 'यस' बघा

पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' मध्ये नोंदणी क्रमांक टाकायचा. तो माहीत नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधारवरून शोधता येतो. पान उघडलं की तीन गोष्टी बघा: लँड सीडिंग (तुमच्या जमिनीची नोंद योजनेला जोडलेली असणं), ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग. तिन्हीपुढे 'यस' हवं.

बँकेपुढे 'नो' असेल तर काय करायचं ते वर आलंच. ई-केवायसी ओटीपीने घरी होते, पण त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि केंद्रावरचं यंत्र ते घेत नाही. अशा वेळी पीएम किसानच्या ॲपमधली चेहरा दाखवून करायची सोय वापरा. लँड सीडिंग 'नो' असेल तर सात-बारा, आठ-अ (गावातल्या आपल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) आणि आधार घेऊन तालुक्याला जावं लागतं, ते ऑनलाइन सुटत नाही.

तिन्ही 'यस' असून हप्ता नाही, तर खालचा शेरा वाचा. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमचं नाव पुढे पाठवलंय. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघालाय, बँकेत पोचल्याची खात्री यायची आहे. या दोन्हींत थांबण्याशिवाय काही करायचं नसतं. नवरा-बायको दोघांच्याही नावावर हप्ता जातोय असा संशय आला किंवा जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाली असेल, तर हप्ता पडताळणीसाठी थांबवला जातो. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. त्यांना मिळून एकच लाभ. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. तेव्हा वारसाचा फेरफार (जमिनीवर नाव बदलल्याची महसुली नोंद) जोडून ठेवा.

प्राप्तिकर भरणारे, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणीचे सोडून), व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए हे अपात्र आहेत. मुलाने कर्जासाठी म्हणून वडिलांचं प्राप्तिकर विवरणपत्र भरलं आणि त्यात कर निघाला, की वडील यादीतून जातात. हे घराघरात घडतंय. मिळालेले हप्ते परत मागितले जातात, म्हणून घरात आधी विचारून घ्या.

नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या यादीवरच ती चालते. पीएम किसान सुरळीत झालं की नमो मागून येतं. नमोसाठी अर्ज भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली तर उघडू नका; ती फोनमध्ये बसली की खात्यात शिल्लक राहत नाही.

शेतकरी ओळख क्रमांक: सगळे गट जोडलेत का?

ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना सक्तीचा झाला. बहुतेकांनी गावातल्या शिबिरात तो काढला आणि विषय संपवला. पण शिबिरात घाईत एकाच गावचे गट (सात-बारावरचे जमिनीचे क्रमांक) जोडले गेले असतील, तर शेजारच्या शिवारातली किंवा दुसऱ्या तालुक्यातली जमीन त्यात नसते. जमीन गावागावाने वेगळी शोधून जोडावी लागते. सीएससीवर (गावातल्या सरकारी सेवा केंद्रावर) जाऊन आपल्या क्रमांकाखाली किती गट आहेत त्याची छापील प्रत काढा आणि आठ-अ शेजारी ठेवून एकेक गट ताडून बघा. नसलेला गट त्याच केंद्रावर वाढवून घ्या.

इथे नावाचाही प्रश्न येतो. आधारवर 'बाळासाहेब', सात-बारावर 'बाळू'. दोघे एकच हे गावाला माहीत असतं, संगणकाला नाही. सात-बारावरची लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडून दुरुस्त होते. जुना हस्तलिखित सात-बारा आणि ज्या फेरफाराने नाव लागलं त्याची नक्कल अर्जाला जोडली की काम सोपं जातं. बऱ्याचदा मात्र आधारवरचं नाव दुरुस्त करणं जास्त जलद पडतं. आधी हिशेब करा, कुठल्या कागदावरचं नाव बाकीच्या कागदांशी जास्त जुळतं. तेच धरा.

ई-पीक पाहणी

ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब बांधावर येऊन (किंवा न येता) पीक लिहायचे, आता ते आपण मोबाइलवर नोंदवायचं. सोयाबीन-कापसाच्या त्या मदतीत सुरुवातीला २०२३ ची पीक पाहणी हाच आधार होता. ज्यांच्या पिकाची नोंद कुठेच नव्हती ते पीक असूनही बाहेर राहिले आणि नंतर कितीही निवेदनं दिली तरी मागची नोंद करता येत नव्हती.

नोंद करताना गटात उभं राहूनच फोटो काढा. गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत नसाल तर ॲप फोटो घेत नाही. क्षेत्र लिहिताना पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वजा करा. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं, प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं. विहीर किंवा बोअर असेल तर सिंचनाचा प्रकार बरोबर भरा, कारण जिरायत आणि बागायत यांचा दर दुप्पट वेगळा आहे आणि तो यावरूनही तपासला जातो. रेंज नसेल तर माहिती आणि फोटो घेऊन ठेवून नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतं, पण 'अपलोड' झालेलं डोळ्यांनी बघा. आपली मुदत संपली तर पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकाकडून नोंद करून घेण्याची दुसरी मुदत असते. शेवटी पुढच्या महिन्यात गाव नमुना १२ (सात-बारातला पिकांचा भाग) काढून पीक उतरलंय का ते पाहा. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं माझं आपलं मत.

पंचनामा: त्या दिवशी शेतात हजर राहा

महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे दर हेक्टरी असे: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, फळबागेसारखी बहुवार्षिक पिकं २२,५००. मूळ मर्यादा २ हेक्टर. राज्य सरकार कधी कधी वाढ देतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या पुरानंतर ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे ठेवले. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर यंदाचा हिशेब करू नका, त्या वर्षीचा शासन निर्णय बघा.

हिशेब असा. एकर म्हणजे ढोबळ ४० आर, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. तीन एकर जिरायत सोयाबीन म्हणजे १.२० हेक्टर, ८,५०० ने १०,२०० रुपये. तुम्हाला ५,१०० आले असतील तर कुणी अर्धे खाल्ले असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा पंचनाम्यात क्षेत्रच ०.६० लिहिलेलं असतं. ते लिहिलं जातं तेव्हा तुम्ही समोर असायला हवं. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. गट नंबर, पीक, जिरायत की बागायत, पेरलेलं क्षेत्र, बाधित क्षेत्र, या पाच गोष्टी सही करण्याआधी वाचा. पाणी ओसरायच्या आत शेताचे फोटो आणि एखादा व्हिडिओ तारखेसह काढून ठेवा. माती खरवडून गेली असेल तर ते पिकाच्या नुकसानीत भागत नाही, त्याची नोंद स्वतंत्र करून घ्या. अल्प व अत्यल्प भूधारकाला त्याची मदत हेक्टरी ४७,००० पर्यंत आहे.

पंचनाम्यात नाव सुटलं तर दुसऱ्याच दिवशी तहसीलदाराच्या नावे लेखी अर्ज द्या. महिन्याभराने दिलेल्या अर्जाच्या वेळी शेतात दुसरं पीक उभं असतं, मग पंचनामा कशाचा करणार?

पुढे याद्या पोर्टलवर चढतात आणि प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो, गावात त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लावतात. तो नंबर आणि आधार घेऊन सेतू किंवा सीएससीवर ई-केवायसी करायची. तिथे नाव, क्षेत्र, रक्कम पडद्यावर दिसते. चूक असेल तर अंगठा देण्याआधी तिथेच तक्रार नोंदवा. मान्य केल्यावर तेवढीच रक्कम पुढे जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ही केवायसी माफ झाली. त्यामुळे क्रमांकात गट राहून गेले असतील तर ते आता आणखी महागात पडेल.

सामायिक खातं आणि वारस

तिघा भावांचा एक सात-बारा, आणेवारी (प्रत्येकाचा हिस्सा) लावलेली नाही, एक भाऊ पुण्यात. अशा वेळी मदत एकाच्या खात्यात घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते आपत्ती आल्यावर गोळा करायला गेलं की जुनी भांडणं वर येतात. सुगीत सगळे जमतील तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. त्याहून बरं म्हणजे जमीन महसूल अधिनियमाच्याच कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करून खाती वेगळी करणं. वेळ लागतो, पण एकदाच.

खातेदार वारला असेल आणि वारसनोंद नसेल तर सगळ्या योजना एकदम थांबतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर अर्ज करा. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. बहिणींची नावं गाळून नोंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि पुढे त्यावरूनच मदत अडते.

विमा आणि महाडीबीटी, थोडक्यात

एक रुपयातला विमा खरीप २०२३ ते रब्बी २०२४-२५ एवढाच चालला. खरीप २०२५ पासून खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आहे, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते तो आकडा) हेक्टरी १,००० किलो आणि प्रयोगात ६०० निघालं, तर तूट ४० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर २०,००० मिळतील. तुमच्या एकट्याच्या शेतात किती निघालं याला इथे किंमत नाही. म्हणून कापणी प्रयोग कुठल्या गटात लागलाय ते कृषी सहायकाला विचारा आणि गावातले चार जण तिथे उभे राहा. तक्रारीसाठी १४४४७.

महाडीबीटीवर एकच पथ्य: पूर्वसंमती मिळायच्या आधी ठिबक किंवा अवजार विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही.

तक्रार कुठे आणि कशी

पीएम किसानसाठी १५५२६१. बँकेने ऐकलं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. तहसीलच्या कामासाठी 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाका, तिचा टोकन क्रमांक जपून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

हे सगळं करूनही उत्तर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'मला पैसे का मिळाले नाहीत' असं विचारू नका. कागद मागा: अमुक गटाच्या पंचनाम्याची प्रत, अमुक तारखेच्या यादीतलं माझ्या नावाचं पान, बँकेकडे पाठवलेल्या देयकाचा क्रमांक आणि तारीख, आणि ते परत आलं असल्यास त्याचं नोंदवलेलं कारण. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. अपिलाच्या अर्जावर २० रुपयांचा स्टॅम्प लावा आणि मूळ अर्जाची पोच जोडा.